अकलूजची ‘सेत्ते’ ठाण्याच्या घरात कशी प्यावी

पाचपाखाडीतल्या आमच्या घरी फ्रिजच्या डोक्यावर लाल वाइनची एक बाटली दोन उन्हाळे उभी होती. अकलूजच्या ‘फ्रातेल्ली’ची ‘सेत्ते’, म्हणजे त्या वाइनरीची मानाची बाटली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला उघडायची असे ठरवून बाजूला ठेवलेली. ठरल्या दिवशी तोंडावरचे आवरण सोलले, तेव्हा बूच गव्हाच्या दाण्याएवढे बाहेर सरकलेले दिसले आणि त्याच्या कडेने वाळलेला, चिकट ओघळ होता. ग्लासात ओतल्यावर फळाचा वास येण्याऐवजी करपायला आलेल्या मोरांब्याचा वास आला. भाऊजींनी एक घोट घेतला, ‘‘हा काढा कोणासाठी केलाय?’’ असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता सोलकढीची वाटी पुढे ओढली.

दोष सर्वस्वी आमचा होता. फ्रिजच्या मागून दिवसरात्र गरम हवा वर येते, त्यात ठाण्याचे दोन मे महिने, आणि बाटली उभी. वाइनमेकरने शेतात, टाकीत आणि लाकडी पिंपात वर्षानुवर्षे जे सांभाळले होते, ते आम्ही स्वयंपाकघरात शिजवून टाकले. त्यानंतर दुसरी बाटली आणली आणि या वेळी दुकानापासून उरलेल्या घोटापर्यंत प्रत्येक पायरीला थांबून, जिथे शक्य तिथे मोजून पाहिले. पुढील मार्गदर्शन त्यातून आलेले आहे. ते ‘सेत्ते’ला धरून लिहिले असले, तरी ओकच्या लाकडाच्या पिंपात मुरलेल्या कोणत्याही दमदार लाल वाइनला लागू पडेल.

बाटलीमागचा माणूस

वाइन उघडण्याआधी ती कोणी आणि कशी केली हे थोडक्यात समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण घरात घ्यायची बहुतेक सगळी काळजी त्यातूनच ठरते.

अकलूज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ऊस, साखर कारखाना, लावणीची स्पर्धा आणि घोड्यांचा बाजार येतो. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातील नीरेकाठच्या या गावाच्या परिसरात २००७ च्या सुमारास युरोपातून मागवलेल्या रोपांचे द्राक्षमळे उभे राहू लागले. ‘फ्रातेल्ली’ म्हणजे इटालियन भाषेत भाऊ आणि ‘सेत्ते’ म्हणजे सात. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घराण्यांतल्या भावांनी मिळून ही वाइनरी काढली, म्हणून ‘फ्रातेल्ली’ हे नाव. वाइन करण्याची जबाबदारी त्यांनी टस्कनीच्या पिएरो मासी यांच्याकडे सोपवली. टस्कनी हा इटलीतला कियांती वाइनचा प्रांत, आणि तिथे मुरलेल्या माणसाने आपल्या ओळखीच्या द्राक्षांची जोडी अकलूजच्या मातीत आणली: सांजोव्हेजे आणि काबर्ने सोव्हिन्यों.

या जोडीलाही इतिहास आहे. सांजोव्हेजे हे टस्कनीचे घरचे द्राक्ष. त्यात आंबटपणा भरपूर, वास आंबट चेरीचा, पण रंग तुलनेने फिका. काबर्ने मूळ फ्रान्समधल्या बोर्दोचे. मणी बारीक, साल जाड, त्यामुळे रंग गडद आणि तुरटपणा दणकट. १९७० च्या दशकात टस्कनीतल्या काही मंडळींनी जुने नियम बाजूला सारून सांजोव्हेजेला काबर्नेची जोड दिली. ‘तिन्यानेल्लो’ हे त्यातले गाजलेले नाव. ‘सेत्ते’ त्याच घराण्यातली आहे. माझ्या मते आपल्या हवामानात ही निवड विशेष शहाणपणाची ठरते. कडक उन्हात द्राक्षातली साखर भराभर वाढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो; अशा ठिकाणी स्वभावतःच आंबट असलेले द्राक्ष हाताशी असणे ही वाइनमेकरची मोठी सोय आहे.

महाराष्ट्रातला द्राक्षबागायतदार वेलीची छाटणी वर्षातून दोनदा करतो: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. पीक मात्र एकच घेतो, साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. युरोपातली द्राक्षे शरद ऋतूत, हवा थंडावत असताना पिकतात. आपली थंडीकडून उन्हाळ्याकडे जाताना पिकतात. म्हणजे वाइनमेकरला घाई असते ती ऊन वाढण्याच्या आत तोडणी उरकण्याची, आणि तरीही सालीतला आणि बियांमधला तुरटपणा पिकेपर्यंत थांबावे लागते. रसातली साखर ब्रिक्स या अंशांत मोजतात. खाण्याची द्राक्षे १८ ब्रिक्सच्या आसपास काढली जातात. दमदार लाल वाइनसाठीची २४ च्या आसपास, आणि तेवढ्या साखरेतून ढोबळमानाने १४ टक्के अल्कोहोल तयार होते. चार दिवस आधी तोडले तर वाइन हिरवट, ढोबळी मिरचीच्या वासाची होते. चार दिवस उशीर झाला तर जड आणि मुरंबट.

तोडणीनंतरचा मोठा निर्णय सालीचा. हा भाग वाचून समजण्यापेक्षा करून पाहावा. जांभळी नाक्याच्या मंडईत द्राक्षांच्या हंगामात काळी द्राक्षे येतात. त्यातले चार मणी घेऊन साल अलगद सोलावी आणि गर वाटीत चिरडावा. रस जवळजवळ बिनरंगी निघतो. मग नुसती साल दाढेखाली अर्धा मिनिट चावावी: जिभेवर आणि हिरड्यांवर कच्च्या चिकूने किंवा जांभळाने बसते तशी मिठी बसते. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा, दोन्ही इथून येतात. म्हणूनच लाल वाइन करताना रस सालीसकट आंबवतात. आंबताना साली वर तरंगून जाड थर धरतात. तो थर रोज खाली दाबतात किंवा तळचा रस पंपाने वर आणून त्यावर सोडतात. किती दिवस, किती उष्णतेत आणि किती जोराने, यावर वाइन पाणचट होणार, दमदार होणार की नुसती कडू होणार ते ठरते. दमदारपणा द्राक्षात असतोच. तो सोसवेल अशा बेताने बाहेर काढणे हे वाइनमेकरचे कसब आहे.

त्यानंतर ओक. फ्रेंच ओकच्या लहान पिंपात साधारण २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्या वाइन मावते. लाकडातून अगदी थोडी हवा आत झिरपते आणि तुरटपणाच्या धारा बोथट होत जातात. पिंप तयार करताना ते आतून आगीवर भाजतात, त्यातून व्हॅनिला, लवंग, भाजलेली कॉफी असे वास उतरतात. ‘सेत्ते’ अशा पिंपात मुरते, पुढे बाटलीत विसावते आणि मग आपल्या हाती येते.

पहिली पायरी: दुकान

महाराष्ट्रात वाइन विकत घेण्यासाठी आणि पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचा मद्यसेवन परवाना लागतो. तो एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. एक दिवसाचा परवाना दुकानातच फाडून देतात. अधूनमधून घेणाऱ्याने आजीवन काढून ठेवावा, म्हणजे कटकट संपते.

दुकानात बाटली कुठे ठेवली आहे ते आधी पाहावे. दर्शनी काचेत, दिव्याखाली मिरवणारी बाटली घेऊ नये. तिच्यावर किती महिने ऊन आणि उजेड पडला आहे हे कोणालाच ठाऊक नसते. आतल्या कपाटातली, शक्यतो खोक्यातली मागावी. उन्हाळ्यात ज्या दुकानाचे गोदाम पत्र्याच्या छपराखाली आहे तिथून महागडी वाइन घेणे टाळावे. हे मी एका दुकानदाराला बोलून दाखवले, तेव्हा त्याने ‘‘साहेब, दारू कधी खराब होते का?’’ असे हसून विचारले. व्हिस्कीच्या बाबतीत त्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे. वाइनच्या बाबतीत ते साफ चुकीचे आहे.

बाटली हातात घेऊन तीन गोष्टी तपासाव्यात. तोंडावरचे आवरण बोटाने दाबून पाहावे. बूच वर आलेले असेल तर फुगवटा जाणवतो. आवरणाच्या कडेला चिकटपणा किंवा ओघळ नसावा. आणि लेबलवरचे साल वाचावे. ते साल बहुधा द्राक्षतोडणीचे असते, बाटली भरल्याचे नव्हे. साधी लाल वाइन तोडणीपासून दोन-तीन वर्षांत संपवावी. पिंपात मुरलेली, राखीव दर्जाची वाइन नीट ठेवली तर त्याहून बरीच टिकते. मात्र ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हा समज मनातून काढून टाकावा.

‘सेत्ते’ मिळाली नाही तर अडून बसू नये. ‘सुला’ वाइनरीची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ सहज मिळते आणि जवळजवळ याच वजनाची आहे. शिराझ द्राक्षामुळे तिच्यात काळ्या मिरीचा झणका अधिक. बंगळूरूजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ‘ला रिझर्व्ह’ बोर्दोचे मिशेल रोलाँ यांच्या सल्ल्याने घडलेली वाइन आहे. निफाडच्या पाटील कुटुंबाच्या ‘रेव्हेलो’ची सिराह (शिराझचेच दुसरे नाव) रिझर्व्हही शोधण्यासारखी आहे.

दुसरी पायरी: घरात ठेवणे

वाइनला आवडते १२ ते १५ अंशांची अंधारी, स्थिर जागा. ठाणे-नवी मुंबईच्या सदनिकेत अशी जागा नसते, त्यामुळे कमीत कमी वाईट जागा शोधायची असते. आमच्याकडे ती निघाली बेडरूममधल्या कपाटाचा सर्वांत खालचा खण: पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, जमिनीलगत, आणि रात्री एसी चालू असल्यामुळे थोडा गारवा पोचणारा. तिथे बाटली आडवी ठेवावी म्हणजे बूच ओले राहते. झाकण फिरकीचे असेल तर उभी ठेवली तरी चालते. स्वयंपाकघरातला माळा, गॅसजवळचे कपाट, गच्चीखालची खोली आणि अर्थातच फ्रिजचा माथा, या जागा वर्ज्य. पावसाळ्यात लेबलवर बुरशीचे ठिपके येतात. ते दिसायला वाईट असले तरी आतल्या वाइनला त्याने काही होत नाही.

मार्च ते जून या काळात, कपाट बरे असले तरी, मी बाटली सरळ फ्रिजच्या भाजीच्या ट्रेमध्ये आडवी ठेवतो. वर्षानुवर्षे फ्रिजमध्ये ठेवणे बुचासाठी चांगले नाही, पण तीन-चार महिन्यांच्या थंडीने जितके बिघडते त्याच्या अनेक पटींनी आपल्या उन्हाळ्याने बिघडते.

गाडीतून आणतानाही हीच दक्षता घ्यावी. घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत, दुपारी, डिकीत तासभर पडलेली बाटली हाताला कोमट लागते. ती पुढे पायाशी, सावलीत ठेवावी.

तिसरी पायरी: गार करणे

सगळ्या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. ‘लाल वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ हे वाक्य आपल्याकडे जसेच्या तसे आले, पण त्यातली ‘रूम’ मागेच राहिली. ती युरोपातल्या जुन्या दगडी घरांची, १६ ते १८ अंशांची खोली होती. ठाण्यातली खोली ऑक्टोबरमध्येही ३१ अंशांची असते. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात चढते, फळाचा वास त्याखाली दबतो, घोट बोजड होतो आणि आपण म्हणतो, वाइन कडक आहे. उलट फ्रिजमधून थेट काढलेल्या ५-६ अंशांच्या वाइनमध्ये तुरटपणा आणि कडवटपणा टोचतात आणि वास मुका होतो. दमदार लाल वाइनला १६ ते १८ अंश मानवतात.

पाश्चात्त्य मार्गदर्शनात ‘वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा’ असे सांगतात. ते त्यांच्या २१-२२ अंशांच्या खोलीतून निघालेले गणित आहे. दुसऱ्या बाटलीच्या वेळी मी स्वयंपाकाचा तापमापक वापरून मोजले. ३१ अंशांची बाटली फ्रिजमध्ये तासभर ठेवल्यावरही २२-२३ च्या आसपासच उतरली होती. १७ च्या जवळ यायला जवळजवळ दोन तास गेले. म्हणून जेवणाच्या दोन तास आधी बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवावी.

पाहुणे अचानक आले तर बादली घ्यावी. बादलीत बर्फ आणि पाणी निम्मे-निम्मे भरून बाटली मानेपर्यंत बुडवावी. नुसता बर्फ नको, कारण बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि थंडी बाटलीला नीट भिडत नाही. पाणी सगळीकडून चिकटते. बारा-पंधरा मिनिटांत काम होते. फ्रीझरमध्ये ठेवून विसरण्याचा धोका पत्करू नये. आणि ग्लासात बर्फाचा खडा टाकणे, जे मी एका लग्नाच्या मेजवानीत वाढप्याला मोठ्या आदबीने करताना पाहिले आहे, ते तर टाळावेच.

जी बाटली चार महिने भाजीच्या ट्रेमध्ये आहे, ती उलट जेवणाआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवावी. पंख्याखाली ती किती झटपट वर येते हे पाहून आश्चर्य वाटेल. त्यामुळे ग्लासात एका वेळी थोडीच ओतावी आणि बाटली मधूनमधून बादलीत परत ठेवावी.

चौथी पायरी: उघडणे आणि हवा देणे

वेटर वापरतात तो दोन खाचांचा, घडीचा बूच-स्क्रू सर्वांत सोयीचा असतो. टोक बुचाच्या मध्यावर ठेवून सरळ फिरवावे, एक वेढा बाहेर राहील इतकेच आत घालावे, आधी पहिल्या खाचेवर आणि मग दुसऱ्या खाचेवर जोर देऊन बूच वर आणावे. बूच तुटलेच तर घाबरू नये. उरलेला तुकडा आत ढकलावा आणि वाइन चहाच्या स्वच्छ गाळणीतून काचेच्या जगमध्ये गाळून घ्यावी. बाहेर काढलेले बूच हुंगावे. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास ग्लासातही कायम असेल तर तो बुचाचा दोष आहे. बाटली दुकानात परत न्यावी.

ओकमध्ये मुरलेल्या तरुण वाइनला हवा लागते. बाटली नुसती उघडी ठेवल्याने फारसे होत नाही, कारण मानेतून हवा पोचते ती रुपयाएवढ्या पृष्ठभागाला. ती काचेच्या रुंद जगात ओतावी आणि अर्धा-पाऊण तास ठेवावी. घरात तपमान जास्त असेल तर जग थंड पाण्याच्या परातीत उभा करावा. तांब्या-पितळेची भांडी वापरू नयेत. बिनकल्हईच्या पितळेत ताक कळकते हे आपल्याला ठाऊकच आहे. वाइनचा आंबटपणा ताकासारखाच धातूला लागतो. तळाशी गाळ दिसला तर शेवटचे दोन घोट बाटलीतच राहू द्यावेत. तो गाळ रंगाचा आणि तुरट द्रव्यांचा असतो, अपायकारक नसतो.

ग्लासाविषयी फार बोलण्याची गरज नाही. पोट रुंद, तोंड थोडे निमुळते आणि काच साधी असावी. एकतृतीयांशच भरावा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० चे पाच ग्लास होतात, हे पाहुण्यांची संख्या ठरवताना ध्यानात ठेवावे.

पाचवी पायरी: चाखणे, म्हणजे वाइनमेकरचे निर्णय वाचणे

ग्लास पांढऱ्या रुमालावर तिरपा धरून कडेचा रंग पाहावा. मध्यभागी गडद आणि कडेला माणकासारखा लाल असेल तर वाइन तरुण आहे; कड विटकरी झाली असेल तर वय झाले आहे. आमच्या फ्रिजच्या माथ्यावरच्या बाटलीची कड थेट चिंचेच्या कोळाच्या रंगाची होती. ते वय नव्हते, ते उष्णतेने आलेले अकाली वार्धक्य होते.

मग ग्लास न हलवता एकदा हुंगावे, आणि हलवून पुन्हा. दोन वासांमधला फरक महत्त्वाचा आहे. हलवण्याआधी बहुधा पिंप बोलते: व्हॅनिला, लवंग, धूर. हलवल्यावर फळ वर येते. ‘सेत्ते’त मला आंबट चेरीपेक्षा आपल्या ओळखीचे वास अधिक आठवले: पिकलेले करवंद, जांभळाची साल, वाळलेला पुदिना आणि मागे कुठे तरी नवीन चामड्याची चप्पल. प्रत्येकाला हेच वास येतील असे नाही आणि येण्याची गरजही नाही. परदेशी फळांची यादी पाठ करण्यापेक्षा आपल्या स्वयंपाकघरातला आणि रानमेव्यातला शब्द शोधणे बरे.

घोट छोटा घ्यावा आणि जिभेवर पाच-सहा सेकंद फिरवावा. इथे मराठीचा एक फायदा आहे. ‘तुरट’, ‘आंबट’ आणि ‘कडू’ या तीन चवी आपण लहानपणापासून वेगळ्या ओळखतो. दातांच्या मुळाशी पाणी सुटले तर तो आंबटपणा; ‘सेत्ते’त तो सांजोव्हेजेकडून येतो. गाल आणि हिरड्या कोरड्या पडून आवळल्यासारख्या झाल्या तर तो तुरटपणा. वाइनमधली टॅनिन नावाची द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतात आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो, म्हणून ती कोरड जाणवते. हा प्रामुख्याने काबर्नेच्या जाड सालीचा हातभार. जिभेच्या मागे रेंगाळणारी चव कडू असेल, तर बहुधा बियांमधले कच्चे टॅनिन उतरले आहे. गिळल्यावर छातीत ऊब वाटते ती अल्कोहोलची.

आता वाइनमेकरचे काम तपासावे. तुरटपणा सुपारीसारखा खरखरीत आहे की कोऱ्या चहाच्या शेवटच्या घोटासारखा मखमली आहे? खरखरीत असेल तर सालीचे काम जोराने झाले किंवा द्राक्ष कच्चे होते. ओकचा वास फळाच्या पुढे धावतो आहे का? तर पिंपाचा मोह आवरला गेलेला नाही. घोट गिळल्यावर चव किती सेकंद टिकते ते मनात मोजावे. दहाच्या पुढे गेली आणि शेवटी फळच उरले, तर बेत जमला आहे. नीट गार केलेल्या दुसऱ्या बाटलीत चव चांगली टिकली आणि ओक मागे राहिला. थोडा अधिक ओक होता खरा, पहिल्या अर्ध्या तासात तो जाणवला. पण जगमध्ये हवा लागल्यावर निवळला. भाऊजींनी या वेळी ग्लास रिकामा करून पुढे केला, तेवढी पावती मला पुरली.

सहावी पायरी: ताटात काय असावे

दमदार लाल वाइन नुसती पिण्यापेक्षा जेवणाबरोबर अधिक शोभते, कारण मांसातली प्रथिने आणि चरबी टॅनिनला गुंतवून ठेवतात आणि लाळ मोकळी राहते. मीठही तुरटपणा मवाळ करते. तिखट मात्र उलट वागते: मिरचीची आग अल्कोहोलने भडकते आणि टॅनिन त्यावर ओरखडे काढते. म्हणून आगरी किंवा कोळी पद्धतीचे लालभडक मटण, कितीही प्रिय असले तरी, या वाइनबरोबर नको. ठाण्यातल्या सीकेपी घरांमधले भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचे मटण हा त्याहून फार चांगला जोडीदार आहे. मिरची निम्मी करावी, काळी मिरी आणि लवंग किंचित वाढवावी, म्हणजे ओकच्या वासाशी ताटाचा सूर जुळतो. टोमॅटो घातलेला खिमाही जमतो, कारण सांजोव्हेजेचा आंबटपणा टोमॅटोच्या आंबटपणापुढे नमत नाही. इटलीत हे द्राक्ष आणि टोमॅटो शेजारी का नांदतात ते इथे समजते.

शाकाहारी ताटात निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि बाजरीची भाकरी ही जोडी मला अनपेक्षितपणे आवडली. वांग्याचा धूर आणि पिंपाचा धूर एकमेकांना ओळखतात. भरितात हिरवी मिरची नावापुरती आणि वर कच्चे शेंगदाण्याचे तेल सढळ असावे.

बोंबील, कोलंबी, पापलेट यांना या बाटलीपासून दूर ठेवावे. लाल वाइनमध्ये असलेले लोह माशाच्या तेलाशी झगडते आणि तोंडात लोखंडी, हिवस वास राहतो. माशांच्या दिवशी गार पांढरी वाइन काढावी. पुरणपोळी, श्रीखंड यांच्याबरोबरही नको. गोड खाल्ल्यावर तीच वाइन आंबट आणि रापलेली लागते. सोलकढी जेवण संपल्यावर, वाइन संपल्यावर घ्यावी. दोन आंबट एकमेकांचे पाय ओढतात.

दर ग्लासामागे एक पेला पाणी प्यावे. दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीसाठी लोक सल्फाइटला दोष देतात, पण पांढऱ्या वाइनमध्ये ते सहसा लाल वाइनपेक्षा जास्त असतात आणि तिच्याविषयी कोणी तक्रार करत नाही. परत जाणाऱ्याला रिक्षा बोलावून द्यावी. रक्तातली कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम इतकी कमी आहे, की ‘एकच ग्लास घेतला’ या सबबीवर विसंबता येत नाही.

उरली तर

बूच उलटे न लावता, ओली बाजूच आत राहील असे घट्ट बसवावे आणि बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवावी. अर्ध्याहून कमी उरली असेल तर ती छोट्या, स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावी. वर हवा जितकी कमी तितका टिकाव अधिक. ‘सेत्ते’सारखी वाइन अशी दोन-तीन दिवस नीट राहते, आणि दुसऱ्या दिवशी तर किंचित अधिक मवाळ लागते. चौथ्या दिवशी नाकाला शिरक्याची चाहूल लागली की ग्लासाचा विचार सोडावा आणि पुढच्या रविवारच्या मटणाला आले-लसणाबरोबर अर्धी वाटी लावून रात्रभर मुरत ठेवावे. मटण शिजवताना मात्र झाकण पहिली दहा मिनिटे उघडे ठेवावे, म्हणजे अल्कोहोलचा दर्प उडून जातो.